अपडेटनंतर माऊस, प्रिंटर, हेडफोन चालत नाही? नवीन घ्यायच्या आधी हे करून बघा

अपडेट झालं, कॉम्प्युटर परत चालू झाला आणि कालपर्यंत नीट चालणारा प्रिंटर आता लिस्टमध्येच दिसत नाही, किंवा हेडफोन लावलाय पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय, किंवा माऊसचा लाइट लागतोय पण स्क्रीनवर काहीच हलत नाही. असं झालं की बरेच जण एकतर ती वस्तू गेली असं समजून नवीन बघायला लागतात, नाहीतर नेटवर जे सापडेल ते एकामागोमाग एक करत सुटतात आणि तासाभराने नक्की काय काय बदललं हे त्यांनाच सांगता येत नाही. दोन्ही करू नका.

अपडेटमुळे वस्तू स्वतः बिघडणं फार क्वचित होतं. बिघडतं ते मधलं काहीतरी. म्हणजे बघा, तुम्ही माऊस हलवता आणि पॉइंटर हलतो यामध्ये बरेच टप्पे असतात, वायर किंवा डोंगल (वायरलेस वस्तूचा यूएसबीला लावायचा छोटा तुकडा), पोर्ट, पोर्टला मिळणारी पॉवर, ड्रायव्हर (ती वस्तू कशी चालवायची हे सिस्टमला सांगणारं छोटं सॉफ्टवेअर), मग सिस्टमने दिलेली परवानगी, मग "कोणतं डिव्हाइस वापरायचं" ही निवड आणि शेवटी ते ॲप. अपडेट झालं की यातला ड्रायव्हर बदलू शकतो, परवानगी बंद होऊ शकते, निवड बदलू शकते, पॉवरची सेटिंग परत मूळ जागी जाऊ शकते. त्यामुळे पहिलं काम दुरुस्तीचं नाहीच, कुठला टप्पा तुटलाय ते शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायचं, फरक नाही पडला तर ती परत होती तशी करायची आणि मग पुढे जायचं. हा एक नियम पाळलात तरी अर्धा त्रास वाचतो, कारण मग जे चाललं ते कशामुळे चाललं हे कळतं आणि पुढच्या वेळी तिथेच हात जातो.

खाली मी मुख्यतः विंडोज ११ धरून लिहितोय कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात, विंडोज १० मध्ये पण बहुतेक तसंच आहे, नावं थोडी इकडेतिकडे. मॅक आणि लिनक्सचं शेवटी थोडक्यात आहे.

आधी रिस्टार्ट, पण खरा रिस्टार्ट

हे सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं पण यात एक मेख आहे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते आणि ती बऱ्याच कॉम्प्युटरवर आधीपासून चालूच असते. ती चालू असेल तर 'शट डाऊन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतला काही भाग, त्यात ड्रायव्हरपण आले, डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. म्हणजे तुम्ही बंद करून चालू केलं तरी गोंधळलेला ड्रायव्हर तसाच गोंधळलेला परत येतो. 'रिस्टार्ट' दाबलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून बंद-चालू नाही, रिस्टार्ट करा, आणि तेही दोनदा करा, कारण अपडेटचा काही भाग कधी कधी दुसऱ्या रिस्टार्टमध्ये पूर्ण होतो. पूर्णच बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाऊन' वर क्लिक करा, मग सगळ्या वायरी काढा, लॅपटॉप असेल तर चार्जर पण काढा, मिनिटभर थांबा आणि परत लावा. डॉक, हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे डबे), प्रिंटर यांना स्वतःची पॉवर असते तीसुद्धा काढायची, नुसती यूएसबी काढून उपयोग नाही.

परत चालू केल्यावर सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडून बघा, तिथे 'रिस्टार्ट रिक्वायर्ड' किंवा काही अर्धवट डाउनलोड होत असलेलं दिसतंय का. अपडेट अर्ध्यावर असताना ड्रायव्हरशी खेळू नका, आधी ते पुरं होऊ द्या.

वस्तू जिवंत आहे का ते बघा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक लोक हेच टाळतात. ती वस्तू दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह, हेडफोन हे बऱ्याच फोनला सुद्धा लावून बघता येतं, फक्त ओटीजी कनेक्टर (फोनला यूएसबी वस्तू लावायचा छोटा जोड) लागतो. तिथे चालली तर वस्तू ठीक आहे आणि दोष तुमच्या कॉम्प्युटरकडे आहे, तिथेही नाही चालली तर अपडेटचा संबंध कमी, योगायोगाने त्याच दिवशी वायर गेली असं पण होतं.

मग उलटी तपासणी करा, त्याच पोर्टमध्ये दुसरी एखादी चालणारी वस्तू लावा. हब किंवा डॉक मधून लावलं असेल तर तो काढून थेट कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टपेक्षा मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. टाइप-सी वायर असेल तर ती नुसती चार्जिंगची तर नाही ना हे बघा, अशा वायरीतून डेटा जातच नाही आणि ती बाहेरून अगदी सारखी दिसते.

वायरलेस माऊस-कीबोर्डचं आणखी एक. यांचा डोंगल बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि यूएसबी ३.० च्या पोर्ट-वायरींमधून नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर पेपर काढला होता. त्यामुळे डोंगलच्या अगदी शेजारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की माऊस अडखळायला लागतो. अपडेटनंतर शोधाशोध करताना आपण वायरींची जागा बदलतो आणि मग हा नवाच प्रॉब्लेम तयार होतो, म्हणून डोंगल लांबच्या पोर्टला लावा किंवा छोटी एक्स्टेन्शन वायर वापरा. आणि सेल बदला, हो, तेपण.

माऊस आणि कीबोर्डच गेले तर

इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त घाबरतो कारण काही क्लिकच करता येत नाही. फक्त माऊस गेला असेल तर कीबोर्डवरून सगळं होतं. विंडोजचं बटण आणि आय दाबलं की सेटिंग उघडतं, विंडोज आणि एक्स दाबून मग एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर (कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी) उघडतो, टॅब आणि बाणांनी पुढे जायचं, एंटरने उघडायचं. उजव्या क्लिकचं काम शिफ्ट आणि एफ१० ने होतं. नंबर पॅड असेल तर डावीकडचे आल्ट आणि शिफ्ट दाबून ठेवून नम लॉक दाबा, 'माऊस कीज' चालू करायचं का असं विचारेल, हो म्हटलं की नंबर पॅडच्या आकड्यांनी पॉइंटर हलतो. हळू असतो पण काम भागतं.

फक्त कीबोर्ड गेला असेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे कीबोर्ड, तिथे ऑन-स्क्रीन कीबोर्ड. लॉगिनच्या स्क्रीनवर अडकला असाल तर खाली उजव्या कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं त्यातही हा कीबोर्ड मिळतो, म्हणजे पासवर्ड टाकून आत जाता येतं.

दोन्ही गेले तर कॉम्प्युटर चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, जाऊन बघा (बहुतेक डिलीट किंवा एफ२, कंपनीनुसार बदलतं). बायोसमध्ये कीबोर्ड चालतोय आणि विंडोजमध्ये आल्यावर मरतोय म्हणजे दोष नक्की विंडोजकडे, ड्रायव्हरकडे. बायोसमध्येही चालत नाही म्हणजे पोर्ट, वायर, किंवा बायोसचीच यूएसबी सेटिंग. ही एक खूण फार कामाची आहे. ब्लूटूथचा कीबोर्ड मात्र बायोसमध्ये बहुतेक चालत नाही, म्हणून एखादा साधा वायरचा कीबोर्ड आणि माऊस घरात कुठेतरी ठेवावाच, अडचणीच्या वेळी तो फार उपयोगी पडतो.

डिव्हाइस मॅनेजर काय सांगतोय ते वाचा

आता मुख्य भाग. विंडोज आणि एक्स दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. वस्तू लावलेली असू द्या. इथे तीन शक्यता असतात आणि तिन्हींचा रस्ता वेगळा आहे.

वस्तू लिस्टमध्ये नीट दिसतेय, कुठलंही चिन्ह नाही. मग ड्रायव्हरला हात लावू नका! दोष पुढच्या टप्प्यात आहे, परवानगी, निवड किंवा ॲप, ते खाली आहे.

वस्तूवर पिवळा त्रिकोण आहे किंवा 'अननोन डिव्हाइस' असं नाव आहे. डबल क्लिक करा, 'जनरल' टॅबमध्ये 'डिव्हाइस स्टेटस' लिहिलेलं असतं आणि त्यात एक कोड असतो. तो कोड लिहून घ्या, फोटो काढा, कारण खरी माहिती त्यातच आहे. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस सुरू होऊ शकलं नाही. कोड २२ म्हणजे कोणीतरी ते बंद करून ठेवलंय, उजवं क्लिक करून 'एनेबल' केलं की झालं, इतकंच. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब आहे किंवा गायब आहे. कोड ४३ म्हणजे डिव्हाइसनेच काहीतरी गडबड कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं, यात वायर, पोर्ट, पॉवर यांचा दोष बऱ्याचदा निघतो म्हणून आधीची तपासणी परत करा. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटली नाही, जुन्या वस्तूंच्या बाबतीत येतो.

वस्तू लिस्टमध्ये कुठेच नाही. 'व्ह्यू' मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' करा. फिकट दिसली तर विंडोजला ती पूर्वी माहीत होती पण आत्ता लावलेली आहे असं वाटत नाहीये. अजिबातच नाही दिसली आणि वस्तू लावताना-काढताना तो 'टुंग' आवाजही येत नाही, लिस्टसुद्धा हलत नाही, तर प्रॉब्लेम पोर्ट किंवा यूएसबी कंट्रोलरचा आहे. अशा वेळी खाली 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' मध्ये त्रिकोण दिसतोय का बघा आणि मदरबोर्ड किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर घ्या.

ड्रायव्हर परत आणायचा कसा

पिवळा त्रिकोण असेल तर या क्रमाने जा. प्रॉपर्टीजमध्ये 'ड्रायव्हर' टॅब उघडा आणि ड्रायव्हरची तारीख बघा. तारखेवर फार विसंबू नका कारण विंडोजसोबत येणाऱ्या बऱ्याच साध्या ड्रायव्हरवर मुद्दाम २००६ ची तारीख असते, ते जुने नसतात. 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण दाबता येत असेल तर अपडेटने ड्रायव्हर बदललाय आणि जुना अजून जपून ठेवलाय, दाबा, रिस्टार्ट करा, बरेच प्रॉब्लेम इथेच मिटतात. बटण फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर नाही, पुढे चला.

मग 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. पहिल्यांदा करताना ड्रायव्हर पण काढून टाकायची जी चौकट येते ती टिक करू नका. वस्तू काढा, रिस्टार्ट करा, परत लावा, विंडोज तिला नव्याने ओळखेल. एवढ्याने नाही झालं तर दुसऱ्यांदा ती चौकट टिक करून काढा, आणि त्याच्या आधी नवीन ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवा, विशेषतः वायफायचा ड्रायव्हर काढताना, कारण एकदा वायफाय गेलं की डाउनलोड कुठून करणार. आणि लॅपटॉपचा टचपॅड चालत नसेल तर चालणारा एकमेव माऊस अनइन्स्टॉल करू नका, उगाच स्वतःला अडकवून घ्याल.

ड्रायव्हर घ्यायचा तो वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, किंवा सेटिंगमध्ये विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, तिथे 'ड्रायव्हर अपडेट्स' म्हणून यादी असते तिथून. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट" म्हणणारी जी सॉफ्टवेअर जाहिरातीत दिसतात ती घेऊच नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. ती चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर टाकतात, सोबत नको ते भरतात, आणि मग एका वस्तूऐवजी चार वस्तू बंद पडतात.

'अननोन डिव्हाइस' नक्की काय आहे तेच कळत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स' टॅब, त्यात 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन कोड दिसतात, पहिला कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. तेवढे दोन नेटवर टाकून शोधलं की वस्तूचं नाव कळतं.

जुनी वस्तू असेल आणि कोड ३९ किंवा ५२ येत असेल तर आणखी एक जागा बघा. विंडोज सिक्युरिटी उघडून 'डिव्हाइस सिक्युरिटी', त्यात 'कोअर आयसोलेशन'. तिथे 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर ज्या जुन्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेच्या दृष्टीने खोट आहे त्यांना विंडोज चालूच देत नाही. ते बंद केलं की वस्तू चालेल हे खरं, आणि तपासायला म्हणून एकदा बंद करून बघायला हरकत नाही, पण कायमचं बंद ठेवू नका, कंपनीचा नवीन ड्रायव्हर शोधा. एका जुन्या स्कॅनरसाठी अख्ख्या कॉम्प्युटरचं दार उघडं ठेवणं मला पटत नाही.

आणि वस्तू चालू होते पण थोड्या वेळाने झोपते, परत काढून लावावी लागते, असं असेल तर ते पॉवरचं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' च्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब असेल तर त्यातली कॉम्प्युटरला हे डिव्हाइस बंद करू देण्याची टिक काढा. प्रत्येक रूट हबला वेगळी करावी लागते.

वस्तू दिसतेय पण काम करत नाही

आवाज. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त विचारलं जातं. अपडेटनंतर आवाजाचं डिफॉल्ट डिव्हाइस बदलतं, आवाज मॉनिटरकडे जातो ज्याला स्पीकरच नाहीत. खाली स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून बाजूच्या बाणातून हेडफोन निवडा. मीटिंगच्या ॲपमध्ये, ब्राउझरमध्ये स्वतःची वेगळी निवड असते ती पण बघा. ब्लूटूथ हेडफोनचा आवाज अचानक डबक्यातून आल्यासारखा झाला असेल तर तो कॉलच्या मोडमध्ये गेलाय, कारण एखाद्या ॲपने त्याचा माइक धरलाय. त्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, आवाज सुधारेल.

वेबकॅम आणि माइक. सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे कॅमेरा. वरचं मुख्य बटण, मग ॲप्सचं बटण, आणि खाली डेस्कटॉप ॲप्सना परवानगी देणारं वेगळं बटण, तिन्ही चालू हवीत. बरेच जण पहिलं बघतात आणि तिसरं विसरतात. माइकलाही तसंच. ब्राउझरची परवानगी त्याहून वेगळी. लॅपटॉपवर कॅमेऱ्याची सरकती झडप किंवा कीबोर्डवर कॅमेऱ्याचं बटण असतं तेही बघा, चुकून दाबलं गेलेलं असतं. अँटीव्हायरसमध्ये पण वेबकॅम अडवायची सोय असते.

ब्लूटूथ. नुसतं 'कनेक्ट' परत परत दाबत बसू नका. 'रिमूव्ह डिव्हाइस' करा, त्या वस्तूवरून पण कॉम्प्युटरचं पेअरिंग पुसा (हेडफोनला बहुतेक बटण जास्त वेळ दाबून धरावं लागतं), मग नव्याने पेअर करा. पेअरिंग करताना दोन्हीकडे एक गुप्त किल्ली साठवली जाते आणि अपडेटनंतर एका बाजूची बदलली की दोघांचं जमत नाही, म्हणून दोन्हीकडून पुसणं महत्त्वाचं. ब्लूटूथचं चालू-बंद बटणच गायब असेल तर तो ब्लूटूथ ॲडॉप्टरच्या ड्रायव्हरचा प्रश्न आहे, वरच्या भागात जा.

एक्स्टर्नल डिस्क किंवा पेनड्राइव्ह. इथे थांबा आणि हळू चला, कारण बाकी सगळ्यात वस्तूचं नुकसान होतं, इथे तुमचे फोटो आणि कागदपत्रं जातात. डिस्क 'धिस पीसी' मध्ये दिसत नसेल तर विंडोज-एक्स मग के दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्क दिसतेय पण अक्षर नाही, तर उजवं क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' ने अक्षर द्या, झालं काम. पण "डिस्क फॉरमॅट करायची आहे का" किंवा "इनिशियलाइज करा" असं विचारलं तर नाही म्हणा, कॅन्सल करा, आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून डेटा आधी काढून घ्या. मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही तेव्हाही हाच प्रश्न विचारला जातो आणि लोक घाईत हो म्हणतात.

प्रिंटरचं वेगळं सांगायला लागतं

प्रिंटर हा अपडेटनंतर सगळ्यात जास्त रुसणारा प्रकार, आणि याला कारण आहे. प्रिंटरचे ड्रायव्हर सिस्टमच्या फार आत शिरलेले असतात. २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी खोट सापडली, ती बुजवताना मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून नेटवर्कवरून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनची परवानगी सक्तीची केली, त्यामुळे ऑफिसात एका दिवसात अनेकांचे प्रिंटर पासवर्ड मागायला लागले. मग सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार आणि आयपीपी नावाच्या एकाच सामाईक पद्धतीवर भर देणार. म्हणून जुना प्रिंटर असेल तर त्याच्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर आजच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, उद्या तो तिथे असेलच असं नाही.

आता काय करायचं ते. प्रिंटर बंद-चालू करा, वायफायचा असेल तर राउटर पण. सेटिंगमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा. एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी दिसतात का, दुसऱ्यापुढे 'कॉपी १' असं? तर तुम्ही जुन्या, मेलेल्या नोंदीवर प्रिंट पाठवताय, दुसरी वापरून बघा. 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा, नाहीतर डिफॉल्ट आपोआप बदलत राहतो आणि तुमचं पान कुठल्यातरी पीडीएफमध्ये जातं. प्रिंटची रांग उघडा, 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर टिक असेल तर काढा.

रांगेत एखादं पान अडकलंय आणि डिलीटही होत नाही, तर स्पूलर, म्हणजे छापायच्या पानांची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग, रिकामा करायचा. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, उघडा, 'प्रिंट स्पूलर' वर उजवं क्लिक करून स्टॉप. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइल डिलीट करा, फोल्डर नाही फक्त आतल्या फाइल, आणि स्पूलर परत स्टार्ट करा. अर्धे हट्टी प्रिंटर इथे सरळ होतात.

वायफायचा प्रिंटर 'ऑफलाइन' च दाखवत असेल तर बहुतेक राउटरने त्याला नवीन आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) दिलाय आणि विंडोज जुन्या पत्त्यावर शोधतंय. प्रिंटरच्या स्क्रीनवरून आत्ताचा पत्ता बघा, प्रिंटर काढून परत जोडताना 'ॲड मॅन्युअली' मधून तो पत्ता टाका. राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवता आला तर फारच छान, परत हा प्रश्न येत नाही.

प्रिंट होतं पण स्कॅन होत नाही, दोन्ही बाजूंना छापायचा पर्याय गेला, शाई किती आहे दिसत नाही, असं असेल तर विंडोजने सामाईक ड्रायव्हर लावलाय, तो छापतो पण बाकीच्या सोयी देत नाही. कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर टाकला की त्या परत येतात.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर सगळ्यात आधी परवानग्या बघा. व्हेंच्युरा, म्हणजे २०२२ पासून, ॲपल चिप असलेल्या लॅपटॉपला नवीन यूएसबी वस्तू लावली की "ॲक्सेसरीला जोडू द्यायचं का" असं विचारतं, तिथे चुकून नाही म्हटलं की वस्तू चार्ज होते पण चालत नाही. सिस्टम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे हा पर्याय आहे. ज्या डॉकना किंवा ऑडिओच्या वस्तूंना स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं त्यांचं एक्स्टेन्शन मोठ्या अपडेटनंतर त्याच पानावर खाली परत 'अलाउ' करावं लागतं. आणि २०१९ च्या कॅटॅलिनापासून ३२-बिट सॉफ्टवेअर चालतच नाही, त्यामुळे फार जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर गेलं असेल तर ते परत येणार नाही, मॅकमधल्याच 'इमेज कॅप्चर' ने स्कॅन होतंय का बघा.

लिनक्सवर कर्नल (सिस्टमचा गाभा) अपडेट झाल्यावर वस्तू बंद पडली तर चालू होताना ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला येणाऱ्या, मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून मागचा कर्नल निवडा. त्यावर चालली तर कारण सापडलं. वेगळा टाकलेला ड्रायव्हर असेल तर तो नवीन कर्नलसाठी परत बनवावा लागतो, आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर त्यावर सही पण लागते.

दोष अपडेटचाच असेल तर

वरचं सगळं करून काहीच फरक नाही, तर कधी कधी खरंच अपडेटमध्येच खोट असते आणि तुमच्या हातात फार काही नसतं. १४ जानेवारी २०२५ च्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर काही यूएसबी डॅक, म्हणजे हेडफोनसाठीचे बाहेरचे ऑडिओ बॉक्स, कोड १० दाखवून बंद पडले होते. त्याच महिन्याच्या शेवटी आलेल्या अपडेटनंतर यूएसबीने जोडलेले काही प्रिंटर आपोआप विचित्र अक्षरांची पानं छापायला लागले, ते मार्चमधल्या अपडेटने थांबलं. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरी स्क्रीनमध्ये यूएसबी माऊस आणि कीबोर्ड चालेनात, आत विंडोजमध्ये ते नीट चालत होते, आणि २० ऑक्टोबरला दुरुस्ती आली. मॅकवर पण मार्च २०२४ च्या १४.४ नंतर मॉनिटरमधले यूएसबी हब ओळखले जात नव्हते, त्याच महिन्यात १४.४.१ ने ते सुधारलं.

म्हणून अपडेटचा नंबर (अपडेट हिस्टरीत दिसणारा, केबीने सुरू होणारा) घेऊन मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज रिलीज हेल्थ' पानावर बघा, माहीत असलेल्या अडचणी तिथे लिहिलेल्या असतात. तुमचीच अडचण तिथे असेल तर ड्रायव्हर उपटत बसू नका, दुरुस्तीची वाट बघा. काम अगदीच अडलं असेल तर सेटिंग, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मधून ते एक अपडेट काढा, रिस्टार्ट करा आणि वस्तू चालते का बघा. चालली तर अपडेट थोडे दिवस 'पॉज' करा, नाहीतर तेच परत येऊन बसेल, पण दुरुस्ती आली की लगेच चालू करा, कारण त्यात सुरक्षेची बाकीची कामंही असतात. वर्षातलं मोठं अपडेट झालं असेल तर सेटिंगमध्ये सिस्टम, रिकव्हरी, तिथे 'गो बॅक' असतं, ते फक्त १० दिवस मिळतं, त्यामुळे फार दिवस विचार करत बसू नका. यातलं काहीही करायच्या आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कुठे आहे ते शोधून ठेवा, नाहीतर चालू होतानाच ती मागेल आणि तुम्ही बाहेर.

तरीही नाही झालं आणि कंपनीला किंवा जाणकार माणसाला विचारायची वेळ आली तर नुसतं "अपडेटनंतर माऊस चालत नाही" असं लिहू नका. वस्तूचं पूर्ण मॉडेल, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालते की नाही, कोणत्या पोर्टला लावली, काय काय करून झालं, अपडेटचा केबी नंबर आणि विंडोजची आवृत्ती एवढं एकाच मेसेजमध्ये द्या. आवृत्ती बघायला विंडोज आणि आर दाबून 'विनव्हर' असं इंग्रजीत टाइप करून एंटर करा, जी छोटी खिडकी येते तिचा फोटो काढून जोडला तरी चालतो.